ओव्याची चिमूट

मैत्रिणींनो, तुमच्या फडताळात ओव्याची बाटली आहे ना? असणारच. पोट दुखलं की ओवा, बाळाला गॅस झाला की ओव्याचा शेक, जेवण अंगावर आलं की ओवा आणि काळं मीठ. माझ्या आईनं मला सासरी पाठवताना जी काही विद्या पदरात घातली, तिच्यात ओव्याचा नंबर फार वरचा होता. माझाही त्या बाटलीवर पुरा विश्वास होता. २०१८ सालच्या जुलै महिन्यातल्या एका पहाटेपर्यंत!

आम्ही अंबडला राहतो. जालना जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. मत्स्योदरी देवीच्या नवरात्रातल्या यात्रेला तुमच्यापैकी कुणी आल्या असाल तर गाव पाहिलं असेल. माशाच्या आकाराची टेकडी, तिच्यावर देवी, आणि खाली सगळा गजबजाट. आमचं घर जुन्या वस्तीत आहे. पुढच्या दोन खोल्या सिमेंटच्या, फरशी घातलेल्या. मागच्या दोन मात्र आजेसासऱ्यांच्या वेळच्या, माळवदाच्या. तिथं ज्वारीचं बळद, पोत्यांची थप्पी, गोवऱ्या, सरपण, मोडका पाळणा, आणि 'कधीतरी लागेल' म्हणून ठेवलेलं ते सगळं, जे कधीच लागत नाही. बळद म्हटलं की उंदीर आलेच. आणि उंदीर आले की त्यांच्या मागावर कोण येतं, हे मला ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही. उलट ते मी मुलांना शिकवत होते!

मी दुपारी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. बी.ए. मराठी घेऊन झाले, पण अर्धवेळ बाईच्या वाट्याला उरलेला विषय येतो. त्या वर्षी सहावीचं विज्ञान आलं होतं. पावसाळा लागला होता म्हणून त्याच आठवड्यात मी फळ्यावर चार साप काढले होते: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. मुलांकडून चित्रं काढून घेतली. मण्यार काळीनिळी, तिच्या अंगावर पांढरे पट्टे, बहुतेक जोडीजोडीनं. रात्री फिरते, झोपलेल्या माणसाला चावते. हे मी स्वतःच्या तोंडानं सांगितलं. एका मुलीनं विचारलं, "बाई, चावली तर कळतं का?" मी म्हणाले, "कळतं की, दुखतं ना!" हे उत्तर चूक होतं. ते का चूक होतं, ते पुढं येईलच.

त्या रात्री वीज गेली होती. उकाडा असा की पंखा बंद झाल्याबरोबर सगळे घामाघूम. सासूबाईंना गादीचा कधीच सोस नाही. त्या मधल्या खोलीत फरशीवर नुसती वाकळ टाकून झोपल्या, माळवदाच्या खोलीच्या दाराशी. तिकडून जरा गार वाटतं म्हणून. साडेतीनच्या सुमारास त्यांनी मला हाक मारली. "पोटात कळ मारायलीय गं. काय झालंय कुणास ठाऊक." रात्री आमच्याकडं पिठलं-भाकरी होती, वर हिरव्या मिरचीचा ठेचा. मला वाटलं, ठेचा बाधला. मी उठले, मेणबत्ती लावली, ओवा आणि काळं मीठ चिमूटभर हातावर दिलं, वर कोमट पाणी. पाठीवरून हात फिरवला. "पडा जरा, लगेच बरं वाटेल," म्हणाले आणि परत जाऊन झोपले.

हो, झोपले. ते लपवून काय करू?

चारच्या पुढं त्यांना उलटी झाली. मी म्हटलं, बरं झालं, पडलं सगळं. पाचला त्या म्हणाल्या घसा धरलाय, सांधे दुखतायत. मी चहा केला, तो गिळवेना. माझ्या मनात काय आलं असेल? थोडा रागच आला. आदल्या दिवशी आमच्यात एका लग्नाच्या आहेरावरून शब्दाला शब्द झाला होता, आणि मला वाटलं की म्हातारपणी माणूस आजार मोठा करून सांगतं. साडेपाचला उजाडलं तेव्हा त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि डोळे मिटलेले होते. ह्यांनी हाक मारली, "आई, झोप आली का?" त्यांनी मान वर केली, पापण्या उघडायचा प्रयत्न केला, आणि त्या अर्ध्यावरच थांबल्या. कपाळाला आठ्या पडल्या, पण डोळे काही उघडेनात. आवाज नाकातून येऊ लागला.

अशा वेळी शिकलेल्या बाईला शिकलेलं आठवायला हवं की नाही? मला काही म्हणता काही आठवलं नाही. आठवलं ते दूधवाल्याला. तो दारात माप घेऊन उभा होता. आत डोकावून म्हणाला, "बाई, म्हातारीला काही डसलंय का बघा. आमच्या चुलत्याचं असंच झालतं. आधी पोटात दुखायलं म्हणला, मंग डोळे झाकायला लागले. मण्यार होती."

आम्ही हात-पाय पाहिले. सूज नाही, रक्त नाही. डाव्या मनगटाच्या वर, बांगड्यांच्या मागं, डासानं चावावं तसे दोन बारीक ठिपके दिसले. खरं सांगते, ते ठिपके मी दोन तास आधी पाहिले असते तरी मला डासच वाटला असता. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की मण्यारीचे दात इतके लहान आणि तिचा दंश इतका बिनदुखी असतो, की पुष्कळांना जागच येत नाही. जाग येते ती पोटाच्या कळेनं. त्यांचं विष मज्जातंतूंवर चालतं. आधी पापण्या, मग घसा, मग छाती, असे एकेक स्नायू निकामी होत जातात, आणि माणूस शुद्धीवर असताना त्याचा श्वास थांबतो. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे विनाकारण पोटात कळ आली आणि पापण्या जड झाल्या, तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत साप धरूनच चालायचं, हे त्यांचं वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

पण त्या सकाळी दवाखान्यापर्यंत पोचणं एवढं सोपं नव्हतं. गलका ऐकून चार घरं जमा झाली. आमचे चुलतसासरे, तात्या, आले. त्यांच्यापुढं मी लग्न झाल्यापासून कधी मोठ्यानं बोललेली नाही. ते म्हणाले, सापाचं आहे तर देवाच्या पारावर न्या, तासात उतरतंय, आपल्या घराण्यात आजवर असंच केलंय. ह्यांचा चेहरा मला दिसत होता. आई तिकडं, काका इकडं, मधे हे. एकानं तर दंडाला बांधायला सुंभ आणला होता. जीप पारावर न्यायची असं जवळजवळ ठरलंच होतं. तेव्हा मी पदर खोचला आणि म्हटलं, "तात्या, आधी दवाखाना. देवाला मी मागून नारळ फोडीन. पण आत्ता दवाखाना." माझा आवाज मलाच परका वाटला. तात्या काही बोलले नाहीत. ह्यांनी आईला उचललं.

गावातल्या दवाखान्यात लगेच सलाईन लावून सापाची लस सुरू झाली. ही लस घोड्यांच्या रक्तातून तयार करतात हे तुम्हाला माहीत होतं का? घोड्याला थोडं थोडं विष टोचतात, त्याच्या रक्तात प्रतिकारद्रव्यं तयार होतात, ती वेगळी काढायची. आपल्या मुंबईच्या हाफकिनमध्ये अशी लस तयार होते. एकच लस वर सांगितलेल्या चारही सापांवर चालते; म्हणून साप कुठला होता हे कळलं नाही तरी अडत नाही, आणि त्याला मारून पिशवीत घालून दवाखान्यात न्यायची तर अजिबात गरज नाही. त्या भानगडीत दुसऱ्याला चावा बसल्याची उदाहरणं आहेत. पण लस विष थांबवते, निकामी झालेले स्नायू लगेच उठवत नाही. तोवर श्वास बाहेरून द्यावा लागतो. म्हणून जालन्याला. गाडीत एक मुलगा, नुकता नोकरीला लागलेला असावा, सासूबाईंच्या तोंडावर रबरी फुगा धरून तो सारखा दाबत होता. सगळ्या वाटेभर. त्याच्या मनगटाकडं पाहत मी मनात मोजत होते. एक, दोन. एक, दोन. तो थकला असता तर?

तीन दिवस त्या यंत्रावर होत्या. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः डोळे उघडले आणि खुणेनं पाणी मागितलं. नवव्या दिवशी घरी आल्या.

तिथं बाकावर बसून काढलेल्या दिवसांत मी जितकं शिकले तितकं बी.ए.च्या तीन वर्षांत शिकले नसेन! शेजारच्या खाटेवर एक सहा-सात वर्षांचा मुलगा होता, विंचू चावलेला. अंग घामानं थंडगार, छाती धडधडतेय. त्याची आई म्हणाली, गोवऱ्या काढताना चावला. मोठी काळी इंगळी नव्हती, लहानसा तांबूस विंचू होता. आपण घाबरतो त्या काळ्या इंगळीला, पण जीव घेतो तो हा लाल विंचू. नर्सबाईंनी त्याला एक बारीकशी गोळी दिली. रक्तदाबावरची, प्राझोसिन नावाची. आणि म्हणाल्या, "ही शोधणारा डॉक्टर आपल्याच जिल्ह्यातला, माहीत आहे का?"

मला माहीत नव्हतं. तुम्हाला असेल तर उत्तमच. डॉ. हिंमतराव बावस्कर, भोकरदन तालुक्यातल्या देहेड गावचे. गरिबीतून डॉक्टर झाले आणि सरकारी नोकरीत कोकणात महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात गेले. तिथं विंचू चावून माणसं, त्यातून पोरं, पटापट दगावत होती आणि त्यावर नक्की उपाय कुणाजवळ नव्हता. हे रात्र रात्र रोग्याच्या उशाशी बसून टिपणं घेत राहिले. विषानं हृदयावर काय परिणाम होतो ते शोधलं आणि प्राझोसिन देऊन पाहिलं. १९८६ साली त्यांचा आणि त्यांच्या डॉक्टर पत्नी प्रमोदिनीताईंचा त्यावरचा लेख लंडनच्या 'लॅन्सेट' साप्ताहिकात आला. शंभरात चाळीस मरत होते, तिथं एकावर आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा मी वर्गात पेढे वाटले. ओळख ना पाळख! मुलांना वाटलं, बाईंच्या घरी काही कार्य झालं.

आता तुम्ही म्हणाल, हिंस्र प्राणी म्हटलं की आम्हाला वाघ-बिबटे आठवतात, आणि तुम्ही साप-विंचवाचंच लावून धरलंत. तर बिबट्याचंही ऐका.

आमच्याकडं जायकवाडीचा डावा कालवा आला आणि मोसंबीच्या नि ज्वारीच्या मुलखात ऊस उभा राहिला. माणसाच्या डोक्याहून उंच ऊस, आत पाणी, रानडुकरं, भटकी कुत्री. बिबट्याला याहून काय हवं? पुणे जिल्ह्यात जुन्नरकडं तर बिबट्याच्या माद्या उसातच वितात. तोडणीच्या वेळी पाचटात मांजरासारखी पिल्लं सापडतात. तिथं २००१ सालानंतर बिबटे पकडून लांबच्या जंगलात सोडायला सुरुवात झाली. वाटलं होतं, त्रास जाईल. झालं उलटंच. जिथं सोडले त्या भागात माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चारवरून सतरावर गेले. विद्या अत्रेय या बाईंनी हे अभ्यासून मांडलं. याच बाईंनी पुढं नगर जिल्ह्यात अकोल्याच्या शेतांमधून रात्री आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावले, तर जंगलाचा पत्ता नसलेल्या त्या भरवस्तीत शंभर चौरस किलोमीटरला पाचेक मोठे बिबटे निघाले! लोक बिनघोर झोपलेले, आणि बिबटे कुत्री खाऊन राहतायत. एक बाई रात्रीची उसातून फिरून हे काम करते याचंच मला जास्त कौतुक वाटलं. आपल्याला अंगणातून नळावर जायचं तर दिवा लागतो.

आम्हाला 'भेटला' तो २०२१ च्या डिसेंबरात. माझं माहेर शहागडकडं, गोदाकाठी. भाच्याचं बारसं आटोपून आम्ही रात्री मोटारसायकलवर परत येत होतो. मधे धाकटा, मागं मी. दोन्ही बाजूंना ऊस. एकदम समोर दोन डोळे चमकले. ह्यांनी ब्रेक दाबला. मी पोराचं तोंड पदरात दाबलं आणि मत्स्योदरीला नवस बोलायला लागले. तेवढ्यात तो प्राणी वळला. पुढून उंच, मागून उतरता, पाठीवर आयाळ. तरस! लंगडल्यासारखं चालत उसात गेलं. दुसऱ्या दिवशी गावात बोभाटा की बिबट्या आला, आणि फोनवर त्याचं चित्रही फिरत होतं, कुठल्या तरी भलत्याच मुलखातलं. आम्ही तरस म्हणून सांगितलं तर कुणाला पटेना. लोकांना बिबट्याच हवा होता. खरं तर त्या रस्त्यावर रात्री भीती बाळगायची ती रोह्यांची. गायीएवढं धूड अंधारातून उडी मारून दुचाकीवर येतं, ते दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

मात्र बिबट्याचं भय थट्टेवारी नेण्यासारखं आहे असं नाही. जिथं तो असतो तिथं त्याची झडप बहुधा वाकलेल्या किंवा बसलेल्या माणसावर आणि एकट्या लहान मुलावर पडते. बाईचं निम्मं आयुष्य वाकून आणि बसूनच जातं! गवत कापताना, भांडी घासताना, आणि पहाटे अंधारात बाहेर जाताना. म्हणून माझ्या माहेरच्या मळ्यातल्या वहिनीला मी साडी न घेता मोठा टॉर्च घेऊन दिला आणि शौचालयाच्या वाटेवर दिवा लावून घ्यायला भावाला भाग पाडलं. बिबट्या दिसला तर वाकायचं नाही, पळायचं नाही, उभं राहून मोठा आवाज करायचा. वनखात्याचा फोन १९२६.

आमच्या घरचं राहिलंच. सासूबाईंना जालन्याला नेल्यावर त्याच दुपारी जावेनं मधल्या खोलीतली अंथरुणं काठीनं उचलली, तर बळदाच्या भिंतीशी असलेल्या भोकातून शेपटी दिसली. सर्पमित्राला बोलावलं. त्यानं काढली ती मण्यारच, दोन-अडीच फुटांची, चकचकीत. लोक म्हणत होते, अहो ही कवड्या असेल, बिनविषारी. तो म्हणाला, कवड्याचे पट्टे मानेकडं ठळक आणि शेपटीकडं पुसट. हिचं उलटं, मानेकडं पुसट आणि मागं ठळक. पण म्हणाला, ताई, हे बघायला वाकत जाऊ नका.

ते बळद आम्ही त्याच दिवाळीत पाडलं. धान्य पत्र्याच्या कोठीत गेलं. गोवऱ्या-सरपण घराबाहेर, भिंतीपासून हातभर लांब. सासूबाईंसाठी बाज आणि मच्छरदाणी आली, मच्छरदाणीची कड गादीखाली खोचलेली. मच्छरदाणी सापासाठी, हे ऐकून बायका हसतात. पण नेपाळच्या तराईत पाहणी झाली तेव्हा मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना दंश फारच कमी झालेले आढळले. आणि आपल्या देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत बारा लाखांच्या आसपास माणसं सापानं मेली, असा हिशेब तज्ज्ञांनी काढलाय. वर्षाला अठ्ठावन्न हजार! वाघ-बिबट्यांच्या नावावर याच्या जवळपासही आकडा नाही. आणखी एक. कुणालाही साप चावला की पहिल्यांदा त्या हातापायातल्या बांगड्या, अंगठी, जोडवी उतरवा. घोणस किंवा फुरसं असेल तर सूज अशी चढते की दागिना मांसात रुततो. बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. हात किंवा पाय हलू न देता १०८ ला फोन करायचा. जोडवी काढणं अशुभ म्हणून एक बाई शेवटपर्यंत काढू देईना, हे मी त्या बाकावर बसून पाहिलंय.

त्या वर्षीची नागपंचमी नेमकी पंधरा ऑगस्टला आली. शाळेत झेंडावंदन करून मी घरी आले तर सासूबाई पाटावर गंधाचा नाग काढून त्याच्यापुढं दूध-लाह्या ठेवत होत्या. साप दूध पीत नाही, हे मी दरवर्षी म्हणते. त्या दिवशी नाही म्हटलं. त्यांच्या हाताला अजून कंप होता. मी शेजारी बसले आणि हळदकुंकू वाहिलं. तात्याही आले होते; जाताना मला म्हणाले, "सूनबाई, नारळ फोडलास का?" मी म्हटलं, "त्याच आठवड्यात." तेवढंच.

आणि सहावीच्या त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी उभं केलं आणि सांगितलं, की तुला मी चुकीचं उत्तर दिलं होतं. मण्यार चावली तर कळत नाही.

सासूबाई आता सगळ्यांना सांगतात, "माह्या सुनेनं वाचवलं मला. तात्यापुढं उभी राहिली." मागच्या नवरात्रात देवीच्या पायऱ्यांवर, ओटी भरून खाली उतरताना, त्यांनी नात्यातल्या सात-आठ बायकांना थांबवून ही गोष्ट पहिल्यापासून सांगितली. ठेच्यापासून. कळ कशी आली, मी कशी उठले, कसा ओवा दिला, पाठीवरून कसा हात फिरवला. साडेतीन ते साडेपाच या दोन तासांचं त्यांच्या गोष्टीत काहीच येत नाही. त्या एकदम दूधवाल्यावर येतात. त्यांना ते आठवत नाही, की आठवतं आणि त्या गाळतात, हे मी अजून विचारलेलं नाही. बायका माझ्याकडं कौतुकानं पाहत होत्या. मी ताटातलं कुंकू सांडू नये म्हणून ते नीट धरून उभी होते.